तीन महिन्यांची बॅच संपल्यावर त्या पोरांचं काय होतं?

पर्वतीपायथा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज राहवलं नाही. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

बँकेतून निवृत्त झाल्यापासून, म्हणजे गेली चार वर्षं, मी पुण्यातल्या जनता वसाहतीजवळच्या, म्हणजे पर्वतीच्या टेकडीवरच्या झोपडवस्तीजवळच्या, एका केंद्रात संध्याकाळी जाते. सतरा ते बावीस वयाची मुलं-मुली येतात. कुणी दहावीला अडकलेलं, कुणाचं बारावीनंतर सुटलेलं, कुणी वडील गेल्यावर गॅरेजला लागलेलं. संस्था त्यांना तीन महिन्यांचा कोर्स देते: रिटेल, टॅली, हॉटेलचं काम, नर्सिंग असिस्टंट. मी मुलाखतीची तयारी करून घेते.

दिवाळीनंतरच्या बॅचमध्ये एकोणीस वर्षांचा एक मुलगा होता. नाव लिहीत नाही, त्याला धाकटा म्हणते. पहिल्या दिवशी फॉर्म भरताना पत्त्याच्या रकान्यात त्याने नुसतं 'पर्वती' लिहिलं. मी म्हटलं, अरे गल्ली, घर नंबर? तर पेन खाली ठेवून म्हणाला, "मॅडम, तेवढंच राहू द्या."

पहिला महिना तो भिंतीला टेकून बसायचा, काही विचारलं की मान खाली. दोन महिन्यांनी एका संध्याकाळी हाच मुलगा गटापुढे उभा राहिला आणि पाचेक मिनिटं बोलला. वडिलांच्या दारूबद्दल, घरात भांडण सुरू झालं की धाकट्या बहिणीला घेऊन टेकडीवर जाऊन बसतो त्याबद्दल. बोलून झाल्यावर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. शेजारच्या पोराने स्वतःची पाण्याची बाटली त्याच्याकडे सरकवली. तो घटाघट पाणी प्यायला आणि खाली बसला. त्या दिवसापासून तो पुढच्या ओळीत दिसू लागला.

नगर रोडवरच्या एका मॉलमधल्या दुकानात तो लागला. नवव्या दिवशी सोडली नोकरी. माझे फोन उचलेना, चौदा वेळा केला. बाराव्या दिवशी केंद्रावर आला तो कॅरीबॅगेत युनिफॉर्म घेऊन, धुतलेला, इस्त्री केलेला, नीट घडी घातलेला. म्हणाला, "हे परत करायचंय. दुकानात जायला नको वाटतं. तुम्ही द्याल का?" हळूहळू कळलं ते असं. माल मोजताना दोन टी-शर्ट कमी भरले. सुपरवायझरने विचारपूस सगळ्यांचीच केली, पण याची पहिली, आणि चारचौघांत विचारलं, "तू कुठं राहतोस रे?" टी-शर्ट संध्याकाळी दुसऱ्याच रॅकवर सापडले. याला कुणी काही बोललं नाही. हा दुसऱ्या दिवसापासून गेला नाही.

आमच्या अहवालात धाकटा 'नोकरीला लागले' या रकान्यात आहे. ते खोटं नाही. पण त्या मुलाला माणसांत बसायला दोन महिने लागले होते आणि एका वाक्याने तो परत भिंतीपाशी गेला, हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

म्हणून विचारते. तुमच्यापैकी कुणी अशा कार्यक्रमांतून गेलंय, कुणी शिकवतंय, कुणी अशा मुलांना कामावर ठेवतंय. या वयाच्या पोरांच्या मनात, घरात, दोस्तीत यामुळे खरंच काय बदलतं? आणि बॅच संपल्यावर त्यातलं काय टिकतं?

---

वायरमन_दांडेकरपूल

ताई, मी त्यातलाच. २०१३ ची बॅच, वायरमनचा कोर्स. आज माझे स्वतःचे चार हेल्पर आहेत.

खरं सांगू का, त्या कोर्समध्ये वायरिंग जेवढं शिकलो त्याच्या दहापट नंतर कामावर शिकलो. पण तिथं एक गोष्ट झाली ती आधी कुठंच झाली नव्हती. आमचे सर हजेरी घेताना नाव घ्यायचे आणि वर बघायचे. शाळेत मी कायम मागच्या बाकावर, मास्तर नंबर घ्यायचे, मी हजर म्हणायचो, संपलं. वस्तीत मला माझ्या नावाने फक्त आई हाक मारायची, बाकी सगळ्यांना टोपणनाव. सरांनी तिसऱ्या दिवशी विचारलं, काल का नव्हतास? मला वाटलं ओरडणार. ते म्हणाले, "तू नसलास की डाव्या बाजूचा बोर्ड कुणी लावत नाही." एवढंच. दुसऱ्या दिवसापासून मी पावणेसातला हजर.

तेव्हा आमच्या कट्ट्यावर जी पोरं होती त्यातली दोन आज येरवड्याच्या तुरुंगात आहेत. मी त्यांच्यापेक्षा हुशार होतो असं अजिबात नाही. रात्री नऊला ती पोरं बोलवायची तेव्हा मला "सकाळी क्लास आहे" म्हणता यायचं. नाही म्हणायला कारण लागतं ताई, या वयात. नुसतं नाही म्हटलं की डरपोक ठरतो. क्लास आहे म्हटलं की सोडून द्यायची.

धाकट्याबद्दल वाचून पोटात कालवलं. पत्ता तर मीही लपवायचो. पहिल्या साइटवर मी 'सिंहगड रोड' सांगितलं होतं. मालकाने एकदा घरी सोडतो म्हणून गाडीत बसवलं, तर मी राजाराम पुलापाशी उतरलो आणि चालत परत आलो.

---

भोसरीचा_कारखानदार

ताई, तुमची तळमळ पोचली, पण माझी बाजूही ऐका. माझं छोटं मशीन शॉप आहे, अठरा माणसं. अशा कोर्समधून आलेली अकरा पोरं मी आजवर घेतली, टिकली तीन. बाकीची न सांगता गेली. एकाने तर चालू मशीन सोडून जेवायला जातो म्हणून गेट ओलांडलं ते आलाच नाही. माझी डिलिव्हरी चुकली, दंड मी भरला.

माझ्या मते या कोर्समध्ये मनाबिनाचं फार झालं. पोराला वेळेवर यायला, ऐकून घ्यायला आणि मायक्रोमीटर वाचायला शिकवा. हातात पगार आला की आत्मविश्वास आपोआप येतो. माझा असाच आला. सुपरवायझरने विचारलं ते चूकच, पण कामावर लोक बोलतात. प्रत्येक बोलण्यावर युनिफॉर्म परत करायला लागलो तर कसं व्हायचं?

---

औंधची_अभ्यासिका

मी सामाजिक कार्याची शिक्षिका आहे, हा विषय वर्गात दरवर्षी शिकवते. कारखानदार दादांचा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो, कारण जगभर हाच वाद चालू आहे: आधी मन की आधी पगार. बाहेरच्या देशांत यावर चिठ्ठ्या टाकून गट पाडून, म्हणजे काहींना संधी देऊन आणि काहींना न देऊन, तुलना केलेल्या आहेत. तीन सांगते.

शिकागोमध्ये २०१२ च्या उन्हाळ्यात हिंसाचार जास्त असलेल्या भागातल्या तेरा शाळांमधल्या १,६३४ मुलांची अशी विभागणी झाली. निवडलेल्यांना आठ आठवडे अर्धवेळ काम, किमान वेतन आणि सोबत मोठ्या वयाचं एक माणूस, जे कामावरच्या अडचणी सोडवायला मदत करेल. सारा हेलर या संशोधिकेने २०१४ मध्ये निकाल छापले. पुढच्या सोळा महिन्यांत हिंसक गुन्ह्यांसाठी होणाऱ्या अटका ४३ टक्क्यांनी कमी. आणि हा फरक मुख्यतः ते आठ आठवडे संपल्यावरचा आहे. म्हणजे पोरं कामात अडकली म्हणून भांडली नाहीत, असं नव्हे. त्यांच्या वागण्यात काहीतरी बदललं होतं. गंमत पुढे आहे. नंतर पाहिलं तर सरासरीने त्यांच्या नोकऱ्या मात्र वाढल्या नव्हत्या. नोकरीचाच कार्यक्रम, आणि परिणाम नोकरीवर न होता राग आवरण्यावर झाला. निव्वळ प्लेसमेंट मोजली असती तर हा कार्यक्रम नापास झाला असता.

दुसरं लायबेरियातलं. यादवी युद्धानंतर मोनरोव्हिया शहरात चोऱ्यामाऱ्या करून जगणारे ९९९ तरुण. काहींना सीबीटी, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणाऱ्या पद्धतीची आठ आठवड्यांची गटचर्चा, काहींना २०० डॉलर रोख, काहींना दोन्ही, काहींना काहीच नाही. नुसत्या पैशाचा आणि नुसत्या चर्चेचा परिणाम वर्षभरात ओसरत गेला. ज्यांना दोन्ही मिळालं त्यांच्यात गुन्हे दहा वर्षांनंतरही निम्म्याच्या आसपास कमी होते. संशोधकांचा अंदाज असा की पैशामुळे त्या तरुणांना काही महिने 'नवा माणूस' म्हणून जगून बघता आलं. नीट कपडे, छोटा धंदा, लोकांचं वेगळं बघणं. तेवढ्या सरावाने ते अंगवळणी पडलं. तेव्हा दादा, तुमचा पगार आणि ताईंचा गट, दोन्ही लागतात. एकावर भागत नाही.

तिसरं मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतं. अमेरिकेत मुलांना एकेक मोठा मित्र जोडून देणाऱ्या कार्यक्रमाचा अभ्यास ग्रॉसमन आणि ऱ्होड्स यांनी २००२ मध्ये मांडला. मुलं १० ते १६ वयाची, आपल्यापेक्षा लहान. ज्यांची जोडी वर्षभर किंवा जास्त टिकली त्यांचं बऱ्याच बाबतींत भलं झालं. पण ज्यांची जोडी पहिल्या तीन महिन्यांतच तुटली त्यांची स्वतःबद्दलची किंमत आधी होती त्याहूनही खाली गेली. अर्धवट सोडणं हे काहीच न करण्यापेक्षा वाईट ठरू शकतं. ज्या मुलाला आधीच चार माणसं सोडून गेली आहेत, त्याला पाचवं माणूसही गेलं की तो निष्कर्ष स्वतःबद्दल काढतो.

आपल्याकडेही मनाचं काम आधी आणि कौशल्य नंतर, असा विचार आहे. महापालिकेच्या साथीने २०१६ मध्ये औंधला सुरू झालेलं लाइटहाऊस केंद्र आधी स्वतःकडे बघायला शिकवणारा पायाभूत कोर्स घेतं, मग पुढची निवड. क्रम मला योग्य वाटतो. माझी काळजी शेवटाची आहे. सुरुवात सगळेच छान करतात.

---

खिडकीपाशी

मी इथे फक्त वाचते, कधी लिहीत नाही. ताईंनी पत्त्याच्या रकान्याचं लिहिलं म्हणून लिहिते.

मी बालगृहात वाढले. आमच्यासाठी फॉर्ममधला अवघड रकाना पत्त्याचा नसतो. 'तातडीच्या वेळी कुणाशी संपर्क साधावा' हा असतो. नाव, नातं, मोबाइल. अठराव्या वर्षापर्यंत मी तिथं अधीक्षक मॅडमचा नंबर टाकायचे. आता मी तेवीसची आहे, एका लॅबमध्ये काम करते. मॅडमची बदली झाली, नंबरही बदलला. मी अजूनही तोच जुना नंबर टाकते, कारण रकाना रिकामा ठेवला की समोरचा विचारतो.

कायदा आमच्या बाजूने आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात अठरानंतर बाहेर पडणाऱ्यांना आधार देण्याची सोय आहे. अनुरक्षणाची, म्हणजे आफ्टरकेअरची मदत एकविसाव्या वर्षापर्यंत आणि अपवाद म्हणून तेवीसपर्यंत मिळू शकते. केंद्र सरकारच्या मिशन वात्सल्य योजनेत महिना ४,००० रुपयांची तरतूद आहे. महाराष्ट्रात २०१८ पासून अनाथांना एक टक्का आरक्षणही आहे. हे सगळं चांगलं आहे आणि माझ्या ओळखीच्या बऱ्याच मुलींना त्यातलं काहीच माहीत नसतं. म्हणून मुद्दाम लिहिलं. कुणाच्या ओळखीत अशी मुलगी असेल तर तिला जिल्हा बाल संरक्षण कक्षात घेऊन जा. नुसतं जा म्हणू नका. सोबत जा.

पण पैशाने जे होत नाही ते सांगते. बालगृहात चाळीस मुलींच्या आवाजात झोपायची सवय. मग अठराव्या वाढदिवसानंतर काही आठवड्यांतच कॉट बेसिसवरची खोली. पहिल्या रात्री मी दिवा चालू ठेवून झोपले आणि सकाळी घरमालकीण बिलावरून बोलली. भाजी किती आणायची ते कळायचं नाही, मी पावशेर म्हणायच्या ऐवजी एक किलो वांगी आणली होती, कारण मोजमाप मी कधी केलंच नव्हतं. बँकेत सही जुळेना. आजारी पडले की कुणाला सांगायचं? कामावर सांगितलं तर पगार कापतील, मैत्रिणींना सांगावं तर त्या माझ्यासारख्याच.

मला जो कार्यक्रम मिळाला त्यात कॉम्प्युटर शिकवला, इंग्रजी शिकवलं. त्याचा उपयोग झाला. पण खरा उपयोग झाला तो तिथल्या एका ताईंचा. त्या दर रविवारी अकराला फोन करायच्या. काही नसलं तरी. "काय केलंस जेवायला?" एवढं विचारायच्या. मी त्या फोनसाठी शनिवारी काहीतरी वेगळं बनवायचे, म्हणजे सांगायला होईल. दीड वर्ष चाललं. मग संस्थेचा प्रकल्प संपला, ताई दुसऱ्या गावी गेल्या. त्यांचा दोष नाही. पण पुढचे कित्येक रविवार मी अकरा वाजता फोन हातात घेऊन बसायचे.

---

सिंहगडरोडकर

खिडकीपाशी, मनापासून लिहिलंस. लिहीत राहा.

---

कात्रजची_आई

मुलींचं थोडं वेगळं आहे म्हणून लिहिते. माझी मुलगी नर्सिंग असिस्टंटच्या कोर्सला होती. मी चार घरी पोळ्या करते, नवरा रिक्षा चालवतो. कोर्सला पाठवायलाच सहा महिने गेले, कारण सासूबाई आणि थोरला मुलगा तयार नव्हते. संस्थेच्या ताई तीनदा घरी आल्या. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा माझ्या मुलाशी बोलत बसल्या, मुलीशी नाही. त्याला विचारलं, तुला कशाची भीती वाटते? तो एकदम गप्प झाला. मग म्हणाला, पोरं काहीबाही बोलतील. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की हा दरडावतो तो घाबरून.

मुलीत काय बदललं? आधी ती घरात कुणी पाहुणे आले की मोरीपाशी जाऊन उभी राहायची. आता येऊन बसते. मध्यंतरी सासूबाईंना चक्कर आली तर तिने आधी साखर तपासली, मग मला फोन केला. त्या दिवसापासून सासूबाई औषध तिच्याच हातून घेतात, माझ्या नाही. घरातली तिची जागा बदलली.

आणि एक, जे कुणी लिहिलं नाही. मैत्रिणी. वस्तीबाहेरच्या मैत्रिणी. रामटेकडीची एक, ताडीवाला रोडची एक. लग्नाची बोलणी सुरू झाली तेव्हा तिला आम्ही विचारलंच नव्हतं. तिने त्या दोघींना विचारलं, आणि मग आमच्यासमोर बसून म्हणाली, आई, दोन वर्षं थांबा. आवाज चढवला नाही, रडली नाही. मला राग आला होता तेव्हा. आता नाही.

---

नानासाहेब_सदाशिव

वय वर्षं ८१, टंकायला वेळ लागतो. माझे वडील १९३० च्या दशकात कोकणातून पुण्यात शिकायला आले आणि वार लावून जेवले. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या. ही सोय ठरावीक जातींच्या मुलांपुरतीच होती, हे आधी सांगितलं पाहिजे. आयुष्यभर वडील त्या सात घरांपैकी दोनच घरांबद्दल बोलायचे. एका घरी त्यांना मागच्या पडवीत पान मांडत. दुसऱ्या घरी त्या माउलीने पहिल्याच दिवशी स्वतःच्या मुलाशेजारी पाट ठेवला. दोन्हीकडे पोट भरत होतं. वडील सत्तरीत असतानाही पडवीचं सांगताना त्यांचा आवाज बदलायचा.

सांगायचा मुद्दा असा की मदत कुठे बसवून देता याला मदतीइतकंच महत्त्व आहे. आपल्याकडच्या जाणत्या माणसांना हे ठाऊक होतं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्याला वसतिगृह काढलं, तिथे सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत आणि एकत्र जेवत. पैसे संपले तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अगदी मंगळसूत्रही मोडलं. त्या मुलांना 'लाभार्थी' म्हणत नव्हतं कुणी. पुण्यात १९०९ साली अनाथ विद्यार्थी गृह निघालं, १९५५ मध्ये अच्युतराव आपट्यांनी विद्यार्थी सहाय्यक समिती सुरू केली. या सगळ्यांत मुलं वर्षानुवर्षं राहायची. तीन महिन्यांत माणूस घडवायची कल्पना माझ्या आकलनात बसत नाही.

---

फॅसिलिटेटर_हडपसर

मी सध्या या क्षेत्रात नोकरी करते. आमची आतली गोष्ट सांगते, संस्थेचं नाव अर्थातच नाही.

आमचं वर्ष आकड्यांवर चालतं. वस्तीत फिरून किती मुलं आणली, किती भरती झाली, किती टिकली, किती प्लेस झाली. प्लेस झालेल्या मुलाचा तीन महिने पाठपुरावा, म्हणजे पगाराची स्लिप मिळवायची. स्लिप मिळाली की आमच्यासाठी तो मुलगा संपला. मी एका वेळी पासष्ट मुलांकडे बघते. पासष्ट मुलांना रविवारी अकराला फोन करणं शक्य नाही, आणि मला तो करावासा वाटतो. या दोन्ही गोष्टी एकत्र खऱ्या आहेत. माझ्याआधीच्या दोघी वर्षाच्या आत सोडून गेल्या. आमचा पगारही धाकट्याच्या दुकानातल्या पगारापेक्षा फार मोठा नाही.

गटात एक मुलगी सांगते की काका त्रास देतो. मी ऐकते, पुढची कायदेशीर पावलं उचलते, बालिग आहे का नाही ते बघते, समुपदेशकाकडे पाठवते. मग रात्री साडेनऊच्या बसने घरी जाते. माझं कोण ऐकणार याचा विचार प्रकल्पाच्या कागदात नसतो. हे रडगाणं म्हणून लिहीत नाही. मुलांच्या मनाचं काम ज्यांच्या हातून करून घेता, ती माणसं वर्षा-वर्षाला बदलत राहिली तर औंधच्या मॅडम म्हणाल्या तेच होणार. मुलं आम्हाला मोजत असतात. माझ्या एका बॅचने पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "दीदी, तुम्ही किती दिवस आहात?"

सरकारी योजनेतही हेच पाहिलं. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत २०२४ मध्ये आमची काही मुलं लागली. बारावीवाल्यांना ६,००० रुपये विद्यावेतन. सहा महिने, नंतर मुदत वाढून अकरा. एक मुलगा एका कार्यालयात आवक-जावक नोंदी करायचा. घरात सगळे कौतुकाने 'आमचा साहेब' म्हणत. मुदत संपली त्यानंतर दोन आठवडे तो रोज सकाळी डबा घेऊन निघायचा आणि सारसबागेत बसायचा. आईला सांगायचं कसं, हा प्रश्न. त्याला अकरा महिन्यांत काम आलं, बोलायला आलं, सगळं आलं. फक्त शेवटच्या दिवसाची तयारी कुणी करून घेतली नव्हती. मी तेव्हापासून माझ्या बॅचमध्ये शेवटच्या महिन्यात 'नंतर काय' हा एकच विषय ठेवते. घरी कसं सांगायचं, याचा सराव करून घेतो आम्ही. जोड्या लावून. एक आई होतो, एक मुलगा.

---

वायरमन_दांडेकरपूल

डबा घेऊन सारसबागेत. हे मी केलंय. तळ्याकडच्या बाकावर. तिथं तसली बरीच पोरं असतात, एकमेकांना ओळखतात पण बोलत नाहीत.

---

भोसरीचा_कारखानदार

दोन दिवस हा धागा वाचतोय. लेबरचं रजिस्टर काढून ती आठ पोरं बघितली, जी गेली. सहा जण पहिल्या वीस दिवसांत गेलेली. आमचा पगार सात तारखेला. पोरगा १२ तारखेला लागला तर पहिला पैसा हातात यायला पंचवीस-सव्वीस दिवस. बसचं भाडं, डबा, बूट. घरातून मागायचं तर घरातले म्हणणार, नोकरी लागली ना तुला? मी हा विचारच केला नव्हता. माझ्याकडची जुनी माणसं उचल मागतात, नव्या पोराला मागायची सोय नाही हे मला माहीत असायला हवं होतं. मी स्वतः पहिल्या महिन्यात मामाकडून पैसे घेतले होते. मला मामा होता.

ज्याने मशीन सोडली त्याचं आता कळतंय का? नाही. तो चुकलाच. पण बाकीच्यांचं बघून मी पुढच्या महिन्यापासून नव्या पोरांना पहिले चार आठवडे दर शनिवारी पैसे देणार आहे. आणि नव्या पोराबरोबर एक जुना माणूस, जेवायला बरोबर बसणारा. माझा एक टर्नर आहे, पंचावन्नचा, कमी बोलतो, पोरं त्याच्याजवळ टिकतात. का टिकतात ते कधी विचारलं नव्हतं.

ताई, धाकट्याला काम हवं असेल तर पाठवा. मशीन येत नसलं तरी चालेल, स्टोअरला माणूस हवाय. माल मोजायचं काम आहे, मुद्दाम तेच सांगतोय. पण त्याला नको वाटलं तर पॅकिंगला घेईन.

---

पर्वतीपायथा

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले, काही दोनदा. धाकट्याला विचारून त्यालाही वाचून दाखवले. वायरमन दादांचा राजाराम पुलाचा किस्सा आला तेव्हा तो म्हणाला, "परत वाचा." मी परत वाचला.

युनिफॉर्म काल देऊन आले. तो माझ्याबरोबर नगर रोडपर्यंत आला. आत आला नाही, पार्किंगच्या दारापाशी उभा राहिला. आतल्या एका मुलीने, बहुधा त्याच्याच बरोबर लागलेली, मला विचारलं, तो बरा आहे का? मी म्हटलं, बाहेर उभा आहे. ती ब्रेक नसताना बाहेर गेली आणि दोन मिनिटं बोलून परत आली. काय बोलली ते मी विचारलं नाही. येताना तो बसमध्ये खिडकीशी बसला आणि म्हणाला, माझे नऊ दिवसांचे पैसे राहिलेत, ते मागता येतात का? मागता येतात. पुढच्या आठवड्यात आम्ही दोघं मिळून अर्ज लिहिणार आहोत. पत्ता पूर्ण लिहायचा का, ते त्याने ठरवायचं आहे.

कारखानदार दादा, स्टोअरचं सांगितलं. आधी काहीच बोलला नाही. घरी जाऊन रात्री मेसेज केला: "मोजायचंच काम करतो." बुधवारी साडेसहाला स्वारगेटहून निघतो आम्ही. वायरमन दादा म्हणालेत की तेही भोसरीपर्यंत येतील, त्यांना तिकडे साइट आहे.

फॅसिलिटेटर ताई, तुमचा तो शेवटच्या महिन्यातला सराव मला शिकायचाय. तुमच्या सोयीने एक संध्याकाळ सांगा, मी हडपसरला येते. आणि तुमचं कोण ऐकणार हे वाचलंय मी. त्या संध्याकाळी थोडा वेळ हातात ठेवून या.

खिडकीपाशी, बाळा, तुला वेगळ्या निरोपात माझा नंबर पाठवला आहे. त्या रकान्यात टाक. नातं विचारलं तर मावशी लिही. मी रविवारी अकराला घरीच असते.